भरती संपते तिथलं घर

आमच्या कुटुंबाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. नाव 'राजापूर घर'. सभासद अकरा. त्यातले राजापुरात राहणारे दोनच, मामा आणि मामी. बाकीचे ठाणे, पुणे, बदलापूर आणि एक जण दुबई. ग्रुपवर एरवी गणपतीचे फोटो आणि वाढदिवसाचे केक असतात. गेल्या फेब्रुवारीत मामानं तिथं एक फोटो टाकला. माळ्याची मधली तुळई आणि तिच्या पोटाला पडलेली लांब भेग. खाली एवढंच लिहिलं होतं, 'हा पावसाळा निघेल असं वाटत नाही. काय ते ठरवा.'

दोन दिवस ग्रुपवर शांतता होती. मग एका मावसभावानं विचारलं, 'खांब सागाचे आहेत की ऐनाचे?' प्रश्न साधा वाटतो, पण त्याचा अर्थ मला कळला. जुन्या लाकडाला हल्ली भाव आहे. रिसॉर्टवाले, फार्महाउसवाले जुने खांब, तुळया, दारं शोधत फिरत असतात. घर कुणाला नको असतं, खांब सगळ्यांना हवे असतात.

शेवटी ठरलं की कुणीतरी जाऊन घराची नीट मापं आणि फोटो घ्यावेत, मग बोलू. 'तू इतिहास शिकलीयस ना, मग तूच जा,' असं म्हणून सगळे मोकळे झाले. आई गेल्यापासून तिचा हिस्सा माझ्या नावावर आहे. त्यामुळे 'मला काय त्याचं' म्हणायचीही सोय नव्हती.

चार दिवस सुट्टी काढून गेले. आजोळचं घर मोजायला गेले होते, आणि मोजता मोजता लक्षात आलं की आजवर आम्ही ते उलट्या बाजूनं बघत होतो.

गाव तिथंच का?

राजापूर म्हटलं की लोक गंगेबद्दल विचारतात. 'आली का हो गंगा?' ती उन्हाळ्याची गंगा गावाबाहेर, टेकडीवर. मी सांगतेय ते खालचं गाव, अर्जुना नदीच्या काठचं. अर्जुना आणि कोदवली या दोन नद्या इथं एकमेकींना मिळतात आणि पुढं त्यांची खाडी होऊन जैतापूरला समुद्रात जाते. समुद्र इथून सुमारे १५ मैलांवर, म्हणजे २४ किलोमीटरवर. लहानपणी मला कळायचं नाही की समुद्रापासून इतक्या आत असलेल्या गावाला सगळे 'बंदर' का म्हणायचे.

नकाशा उघडा, गुगलचाही चालेल. सावित्रीवर महाड, वाशिष्ठीवर चिपळूण, शास्त्रीवर संगमेश्वर, अर्जुनेवर राजापूर, आणखी खाली खारेपाटण. यांतलं एकही गाव समुद्रकिनाऱ्यावर नाही. सगळी आत आहेत, डोंगरांच्या अलीकडे, आणि सगळी जवळपास एकाच जातीच्या जागी आहेत. भरतीचं पाणी जिथवर चढतं त्याच्या शेवटाला.

कारण सरळ आहे. माल वाहायला पाण्याइतकं स्वस्त काही नव्हतं. एका गलबतात जेवढं मावायचं तेवढं जमिनीवरून न्यायला बैलांचा अख्खा तांडा लागे. म्हणून होडी जितकी आत नेता येईल तितकी न्यायची. भरतीवर स्वार होऊन आत यायचं, ओहोटीबरोबर बाहेर पडायचं. जिथं भरती थकली तिथं माल उतरवायचा आणि बैलांच्या पाठीवर चढवायचा. राजापूरला उतरलेला माल अणुस्कुरा घाटानं वर कोल्हापूरकडे आणि पुढं विजापूरपर्यंत जाई. वरून मिरी, कापड, गूळ, धान्य खाली येई. खालून मीठ, नारळ, सुकी मासळी, आखातातला खजूर वर जाई.

म्हणजे राजापूर हा एक सांधा होता, होडी आणि बैल यांच्यामधला. आणि सांध्यावर नेहमी काय लागतं? थांबायला जागा. माल ठेवायला कोरडी जमीन, हिशेब लिहायला ओटी, व्यापाऱ्याला पाठ टेकायला माजघर. राजापूरची जुनी घरं या गरजेतून उभी राहिली. त्यांना 'वाडा' म्हणायचा मोह होतो, पण ती सरदारांची घरं नव्हेत. ती दुकानं आहेत, ज्यांच्या आत माणसंही राहायची.

कंपनीची मंडळी

या सांध्याची किंमत ओळखणाऱ्यांत इंग्रजही होते. सतराव्या शतकाच्या मध्यावर, राजापूर विजापूरच्या आदिलशाहीत असताना, ईस्ट इंडिया कंपनीनं इथं वखार घातली. फ्रेंचही आले. पुढची गोष्ट शाळेत थोडी शिकवतात. १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले असताना राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आपल्या माणसांसह तिथं गेला आणि इंग्रजी निशाण लावून किल्ल्यावर तोफा डागू लागला. महाराज निसटले आणि विशाळगडावर पोचले. पुढच्या वर्षी, मार्च १६६१ मध्ये, त्यांनी राजापूर गाठलं. वखार खणून काढली, रेव्हिंग्टन आणि त्याच्या साथीदारांना कैद करून किल्ल्यांवर ठेवलं. त्यांची सुटका झाली १६६३ मध्ये.

शाळेत न शिकवलेला भाग मला जास्त आवडतो. कैदेतली ही मंडळी सुरतेच्या वरिष्ठांना पत्रांमागून पत्रं पाठवत होती, आम्हाला सोडवा म्हणून. तिकडून उत्तर आलं ते असं, की तुम्ही कंपनीचा माल राखताना पकडले गेला नाहीत, निशाण घेऊन पन्हाळ्यावर गोळे उडवायला गेलात म्हणून पकडले गेलात. एखाद्या ऑफिसात वरचा साहेब 'ये तुम्हारा पर्सनल मॅटर है' म्हणतो ना, तसंच अगदी.

पण वखारीच्या नुकसानीचा हिशेब मात्र कंपनीनं सोडला नाही. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर वकील म्हणून आला, तेव्हाही राजापूरच्या भरपाईची मागणी त्याच्याजवळ होती. दहा हजार होनांवर तडजोड झाली. वखार पुन्हा उघडली, काही वर्षांत पुन्हा बंद पडली. मग १७१३ मध्ये राजापूर आंग्र्यांकडे गेलं, १७५६ मध्ये पेशव्यांकडे, १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांकडे. खाडीपर्यंत आवार असलेली वखारीची भक्कम दगडी इमारत विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही सरकारी कचेरी म्हणून वापरात होती.

राजापूरवरचे बहुतेक लेख इथंच थांबतात. वखार, महाराज, इंग्रज, संपलं. पण या सगळ्या राजवटी बदलत असताना बाजारपेठेत कोण होतं? कोकणी मुसलमान होते, ज्यांची गलबतं होती. वाणी, सारस्वत, लिंगायत आणि कितीतरी जातींचे दुकानदार होते. हमाल, तांडेल, सुतार, पाथरवट होते. त्यांच्या घरांना खाडीपर्यंतचं आवार नव्हतं. पण दारं मात्र खाडीकडेच होती. हे मला फेब्रुवारीतल्या त्या चार दिवसांत कळलं.

मागचं दार

आमचं घर लांबडं आहे. रस्त्याकडून पुढं दुकान, फळ्यांचं. फळ्या एकेक करून खाचेतून काढायच्या, प्रत्येकीवर नंबर. मग ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागची पडवी. पडवीच्या पुढं विहीर, त्यापुढं नदी. आम्ही मुलं कायम पुढच्या दारानं आलो. मागच्या दाराला 'मागचं दार' म्हणालो. तिथं भांडी घासली जायची, चुलीची राख पडायची.

मी टेप घेऊन मोजायला लागले. पुढचं दार तीन फूट दोन इंच. मागचं दार पाच फुटांना दोन बोटं कमी.

'मामा, हे मागचं दार एवढं मोठं कशाला?'

'पोतं खांद्यावर घेतलेला माणूस आडवा होऊन येईल काय गो बाय?' मामा म्हणाला. 'हेच पुढचं दार. तात्या सांगायचे. मोटारीचा रस्ता इकडनं झाला, तेव्हा आपण पाठ फिरवली.'

एकदा हे कळल्यावर घर भराभर उलगडत गेलं. कोरीव पट्टी असलेली चौकट मागे आहे, पुढं साधी. झिजलेला उंबरठा मागे आहे. पडवीवरच्या माळ्याला मधोमध एक चौकोनी भोक आहे, वर लोखंडी कडी. लहानपणी आम्ही त्यातून खाली थुंकायचो आणि मार खायचो. ती कडी कप्पीसाठी होती. पोतं नदीकडून आत आलं की दोर लावून थेट माळ्यावर. अंगणातून पोटातून डोक्यावर, असा त्या घराचा मालाचा रस्ता होता. आणि माळा म्हणजे अडगळ नव्हे. माळा हाच घराचा मुख्य मजला होता, कारण तिथं पाणी पोचायचं नाही.

घर बांधणाऱ्याला पाणी येणार हे ठाऊक होतं. खालची भिंत जांभ्या चिऱ्याची आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीनं तासता येतो, आणि हवा लागली की घट्ट होत जातो. भिजण्याचं त्याला वावडं नाही. वर मात्र लाकूड. तळाला दगड, डोक्यावर लाकूड आणि कौल. आमची आताची कौलं मंगलोरी आहेत. १८६५ मध्ये बासल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ही चपटी कौलं समुद्रामार्गे किनाऱ्यावर सगळीकडे पसरली. त्याआधी कुंभाराच्या हातची नळीची कौलं असायची. म्हणजे आपण ज्याला 'टिपिकल कोकणी छप्पर' म्हणून इन्स्टावर टाकतो ते जर्मन भाषिक मिशनऱ्यांनी कर्नाटकात बनवलेलं आणि होडीनं आलेलं आहे. मला त्यात काही वाईट वाटत नाही. बंदराच्या गावातलं घर असंच असणार.

विहिरीच्या पलीकडे दगडी पायऱ्या उतरतात. मी मोजल्या, सात. सातवी अर्धी गाळात.

'माझ्या लहानपणी अकरा होत्या,' मामा म्हणाला. 'तात्यांच्या लहानपणी किती ते त्यांनाच ठाऊक.'

गाळ

मामाचं वय सत्तर. म्हणजे साठेक वर्षांत चार पायऱ्या. एका पायरीची उंची मी मोजली, आठ इंच. इतिहासाच्या पदवीला मला जे कुणी शिकवलं नाही ते त्या पायऱ्यांनी सांगितलं. राजापूर कुणी लुटलं म्हणून संपलं नाही. ते हळूहळू बुजलं.

याची नोंद इंग्रजी गॅझेटिअरांत सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं राजापूर त्यांत आहे. रत्नागिरी जिल्ह्यातलं हे एकच बंदर, जिथं अरबांची गलबतं अजून थेट येत होती. पण मोठी गलबतं जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैल अलीकडेच थांबत, पुढं पाणी पुरत नसे. त्याच वर्णनात असंही आहे की राजापूर हे कोकणातलं सर्वांत जुनं दिसणारं आणि सर्वांत चांगलं टिकलेलं गाव आहे. अरुंद, चढाचे रस्ते, फरसबंदी बाजार, वर छप्पर.

ही दोन वाक्यं मी अनेकदा शेजारी शेजारी ठेवून वाचली. मला वाटतं, दुसऱ्याचं कारण पहिल्यात आहे. जिथं व्यापार वाढतो तिथं लोक जुनी घरं पाडून नवी बांधतात. मुंबईत तेव्हा हेच चाललं होतं. राजापूर टिकलं, कारण पाडून बांधायला लागणारा पैसा तिथं यायचा थांबला होता. ज्याला आपण 'जपलेलं गाव' म्हणतो ते पुष्कळदा नुसतं अडकून पडलेलं गाव असतं.

गाळ कुठून आला? डोंगरावरून. कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि तोही चार महिन्यांत. डोंगरावर झाड असेल तर माती धरून राहते. घरांना, गलबतांना, कोळशाला, सरपणाला लाकूड तुटत गेलं, उतारांवर नाचणी-वरीसाठी जमीन भाजली गेली, आणि माती मोकळी झाली. नदी ती घेऊन धावत येते आणि जिथं समोरून भरतीचं पाणी भेटतं तिथं तिचा वेग पडतो. वेग पडला की माती खाली बसते. ती जागा कोणती? तीच, जिथं भरती संपते. जिथं धक्का आहे. जिथं आमच्या पायऱ्या आहेत.

ज्या लाकडानं आमचं घर उभं राहिलं त्याच लाकडाच्या तोडीनं त्याच्या दारातली नदी बुजवली, असंही म्हणता येईल. एका घराचा दोष नाही तो. पण आमचे खांब त्यातून पूर्ण सुटतही नाहीत.

नाव फिरतं, गाव राहतं

पुढची हकिगत भराभर सांगते, कारण ती भराभर घडली. आगबोटी आल्या, त्या जैतापूर-मुसाकाजीपाशीच थांबायच्या. माणसं आगबोटीनं मुंबईला गेली, गिरण्यांत लागली, आणि घरं मनीऑर्डरीवर चालू लागली. मग रस्ता झाला आणि आगबोटीही गेल्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, पण ती सड्यावरून गेली. 'राजापूर रोड' स्टेशन गावापासून लांब. रेल्वेला भरतीशी काही देणंघेणं नव्हतं.

नाव मात्र फिरत राहिलं. सांगलीच्या बाजारात हळद 'राजापुरी' म्हणून विकली जाते. पंचा म्हटला की तो राजापुरी. राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघ होता. नाथ पै तिथून १९५७ पासून निवडून आले, त्यांच्यानंतर १९७१ पासून मधू दंडवते, सलग पाच वेळा. दंडवते रेल्वेमंत्री झाले. कोकणात रेल्वे हवी म्हणून त्यांनी जन्मभर आग्रह धरला. २००९ च्या निवडणुकीत मतदारसंघांची फेररचना झाली आणि राजापूर हे नाव लोकसभेच्या यादीतून गेलं. आमच्या आजोबांच्या दुकानाची पाटीही त्याच सुमारास उतरली. दोन्हींचा संबंध नाही, पण माझ्या डोक्यात ती दोन्ही एकत्रच बसली आहेत.

निळी रेघ

आता ग्रुपवरच्या प्रश्नाकडे येते. घराचं काय करायचं?

पाणी अजून येतं. नदी उथळ झाली म्हणून आता जास्तच येतं. डोंगरावर पाऊस कोसळत असताना समुद्राला मोठी भरती असेल तर दोन्ही पाणी एकमेकांना अडवतात आणि मधलं गाव भरतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड कसं बुडालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. राजापूरचा जवाहर चौक जवळजवळ दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो. भोंगा वाजतो, दुकानदार माल वर चढवतात. ज्या जागेनं या गावांना पैसा दिला तीच जागा त्यांना बुडवते. भरती संपते तिथं वसण्याची ही दुसरी बाजू.

म्हणून सरकारनं पूररेषा आखल्या. सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची ती निळी, १०० वर्षांतून एकदाच्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला सहसा परवानगी मिळत नाही. नियम शहाणपणाचा आहे. फक्त आमच्यासारख्या घरांची त्यात कोंडी होते. आमचं घर निळ्या रेषेच्या आत आहे. ते पडलं तर तिथं पुन्हा घर उभं राहणार नाही. विकायला काढलं तर घेणारा हेच विचारतो. दुरुस्त करायचं तर अकरा जणांची संमती, आणि त्यातल्या नऊ जणांना तिथं परत जायचं नाही. असं घर मग कुणी पाडत नाही. त्याला पडू दिलं जातं. राजापुरात, संगमेश्वरात, खारेपाटणात बंद कुलपं आणि खचलेलं छप्पर दिसतं ना, त्याच्यामागं बहुतेक वेळा एक ग्रुप असतो, ज्यावर कुणी उत्तर देत नाही.

तिसऱ्या दिवशी रात्री मी मामा-मामींना हे सगळं उत्साहानं सांगितलं. मागचं दार, कप्पी, माळा. म्हटलं, मामी, हे घर म्हणजे पुराबरोबर कसं राहायचं याचं पुस्तक आहे. हे जपायलाच हवं.

मामी भाकरी थापत होती. म्हणाली, 'वारसा तुमचा नि चिखल माझा.'

मी गप्प झाले.

'पाणी उतरलं की चिखल बसायच्या आत धुवावा लागतो,' ती म्हणाली. 'सुकला तर खरवडून काढायचा. पडवीपासून दुकानापर्यंत. विहीर उपसायची. डबे, पेट्या, अंथरुणं उन्हात. लग्न होऊन आले तेव्हापासून करत्येय. आता गुडघे वाकत नाहीत. तुझ्या पुस्तकात हे लिवलंय काय?'

लिहिलेलं नव्हतं. खांब साग की ऐन, हे मी टिपलं होतं. चौकटीवरची नक्षी टिपली होती. त्या घराला पुराबरोबर जगता आलं ते फक्त चिरा आणि माळ्यामुळे नव्हे. दर वेळी चिखल काढणारे हात होते म्हणून. आणि ते हात बहुतेक बायकांचे होते. आजीचे, पणजीचे, मामीचे. घर सांभाळणं म्हणजे काय हे मी शंभर फोटो काढूनही पाहिलं नव्हतं.

त्यामुळे ग्रुपवर मी जे लिहिलं ते येताना ठरवलेल्यापेक्षा वेगळं होतं. लिहिलं की तीन गोष्टी करू. एक, मामा-मामींना वर सड्यावर, पुराच्या बाहेर, दोन खोल्या भाड्यानं घेऊन देऊ, निदान जून ते सप्टेंबर. दोन, या उन्हाळ्यात तुळई बदलू आणि कौलं परतू. कोकणातलं घर डोक्यापासून मरतं. एक कौल फुटतं, तिथून पाणी वाशात जातं, वासा कुजून तुळईवर येतो, तुळई भिंत ढकलते. डोकं कोरडं राहिलं तर घर आणखी वीस वर्षं उभं राहील आणि तेवढ्यात आपल्याला किंवा पुढच्यांना काही सुचेल. तीन, खांब विकायचे नाहीत. पटत नसेल त्यानं आपला हिस्सा सांगावा, मी हप्त्यांनी घेईन. हे शेवटचं लिहिताना हात थरथरला, कारण माझा पगार मला ठाऊक आहे.

पाच जणांनी अंगठा दाखवला. दोघांनी विचारलं, अंदाजे किती येतील? मावसभावानं वाचलं, निळ्या टिकल्या आल्या, उत्तर नाही. दुबईवाल्यानं पहिले पैसे पाठवले. त्याच्याकडून मी अपेक्षाच ठेवली नव्हती.

निघायच्या दिवशी सकाळी ओहोटी होती. मामानं फावडं घेतलं, म्हणाला, चल. आम्ही दोघं पायऱ्यांच्या तळाशी गाळ उपसायला लागलो. वर काळा, मऊ, खाली शाडूसारखा चिकट. त्यात कौलांचे तुकडे, एक बाटली, शिंपले. तासाभरानं सातवी पूर्ण मोकळी झाली आणि तिच्याखाली आठवीची कड लागली. मी हातानं गाळ बाजूला केला. मधोमध दगड खोलगट झिजलेला होता, ओंजळीएवढा. पोती घेऊन किती पाय तिथं टेकले असतील! मी फोटो काढला. तेवढ्यात त्या खोलगटात खालून पाणी पाझरायला लागलं. भरती चढत होती.

वरून, मोठ्या दारातून, मामीची हाक आली.

'पाय धुवून आत या. आत्ताच सारवलंय.'